मनू, लेखी घे

मनू,
काल तू चिडून फोन ठेवलास, मी परत केला नाही, म्हणून हे लिहितेय. जेवलास का ते आधी सांग. बाबा तुला नाशिकरोडला सोडून आले ते गप्पच, डबा घरीच राहिला म्हणून हळहळत बसलेत.

सिंगापूरवाल्यांनी तुला नेमलं, मुंबईचे साहेब म्हणतात आम्हाला विचारलंच नाही, आणि तू म्हणतोस होईल गं आई. होईल रे. पण मुंबईकडून लेखी घेतलंस का?

वर्गात मी मुंबईचं शिकवायचे ते आठवलं. 1661 च्या लग्नाच्या तहात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना दिली, पुढे ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, पण तिथली कॅथलिक चर्च गोव्याच्या आर्चबिशपच्याच हाताखाली आणि त्याला नेमणार पोर्तुगालचा राजा. राज्य आपलं आणि माणूस परक्या राजाचा, हे कंपनीला खुपायला लागलं. 1720 ला गव्हर्नर बूनने गोव्याकडचे पाद्री घालवले आणि रोमच्या पोपने पाठवलेल्या कार्मेलाइट पंथाच्या बिशपला मान्यता दिली. 1789 ला चर्च परत गोव्याकडे, 1791 ला पुन्हा रोमच्या माणसाकडे, आणि 1794 ला तर वाटणीच केली, दोन चर्च गोव्याकडे, दोन रोमकडे. ते दुहेरी प्रकरण 1928 पर्यंत चाललं. मला मात्र कायम मधल्या साध्या पाद्र्याची काळजी वाटायची, त्याने कुणाचा हुकूम पाळायचा? दोन घरचा पाहुणा उपाशी.

बघ, लेक्चर झालंच. सॉरी रे.

पण मनू, मलाही शाळेच्या संस्थेनेच नेमलं होतं ना, आणि मान्यतेची फाइल वरच्या ऑफिसात अडकली. हेडसर तोंडी म्हणायचे, मॅडम काळजी करू नका, होऊन जाईल. अडीच वर्षं बिनपगारी. तू दीड वर्षाचा, तुला आज्जीकडे टाकून सीबीएसवरून सहाची एसटी पकडायचे, तू खिडकीतून रडायचास ते अजून ऐकू येतं. पाटल्या तेव्हाच सराफ बाजारात गेल्या. बाबांनी कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही.

तुझी निवड झाली ते मी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलंय, कुलकर्णी काकूंना तर दोनदा. तू हुशार आहेस, मला माहितीय. म्हणूनच भीती वाटते, हुशार माणसाला कागद मागायची लाज वाटते.

आता परत विचारणार नाही. मेल आला की मला फॉरवर्ड कर, खाली मुंबईच्या साहेबांची सही आहे का तेवढंच बघेन.

आई