गोळ्या बंद करा, असे पाळकांनी सांगू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकसाहेबांबरोबर, म्हणजे आमच्या धर्मगुरूंबरोबर, घरभेटींना जाते. त्यात जे पाहिले, त्यावरून हे लिहिते आहे.

आमच्यातल्या एक बाई विड्या वळतात. यंत्रमाग बंद पडून मुलाचे काम गेले आणि यांना रात्री-अपरात्री छातीत धडधड, घाम, आता जीव जातो अशी भीती सुरू झाली. पान कापता कापता कात्री हातातच राहायची. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी चिंताविकार सांगून गोळ्या दिल्या. पण घरच्या प्रार्थनासभेत बाहेरून आलेले एक उपदेशक सगळ्यांदेखत म्हणाले, "विश्वास आहे ना? मग गोळ्या कशाला?" बाईंनी त्याच रात्री गोळ्या सोडल्या. अशी औषधे एकदम तोडली की त्रास उलटून येऊ शकतो. तसेच झाले. वर, आपलाच विश्वास कमी पडला, ही टोचणी वेगळीच.

आमचे पाळकसाहेब गेले तेव्हा त्यांनी पवित्र शास्त्र उघडलेच नाही. बाहेर ओट्यावर बसून विचारले, "झोप लागते का? जेवता का?" बाई तासभर बोलल्या, रडल्या. मग छोटीशी प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रिक्षाने सिव्हिलच्या ओपीडीत घेऊन गेले. पाळकीय समुपदेशन म्हणतात ते हेच, असे मला मनापासून वाटते.

"कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे बायबलमधले वचन प्रेषित पौलाने कैदेत असताना लिहिले. ते धीर देण्यासाठी आहे, धाक घालण्यासाठी नव्हे. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर-पाणी दिले आणि झोपू दिले. आणि पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता!

सोलापुरातल्या सर्व मंडळ्यांना कळकळीची विनंती आहे. मानसोपचारतज्ज्ञांना एखाद्या रविवारी उपासनेनंतर बोलवा, पाळकांना आणि भगिनी मंडळाला त्यांच्यासमोर बसवा. घरभेटीत कुणाचे दुखणे चारचौघांत काढू नका. चर्चच्या फळ्यावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर