पडवीची गळती थांबवणाऱ्यांचे आभार

पत्रा उन्हात ताणतो, भिंत जागची हलत नाही. म्हणून पडवीचा पत्रा भिंतीला मिळतो त्या सांध्यावर थापलेला सिमेंटचा वाटा (कोपऱ्यातला तिरका लेप) एका उन्हाळ्यात सुटतो. हे ठणकावून सांगत जुना वाटा छिन्नीने काढणाऱ्या गवंडीमामांचे मनापासून आभार. पत्र्याच्या सहा इंच वर त्यांनी ग्राइंडरने इंचभर खोल खाच पाडली, तीही थेट भिंतीच्या चिऱ्यात (जांभ्या दगडात). नुसत्या गिलाव्यातली खाच गिलाव्याबरोबरच सुटते.

फॅब्रिकेटरदादांनी जीआयची (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याची) पट्टी वाकवली: वरची दुमड खाचेत, सहा इंच भिंतीलगत, आठ इंच पत्र्यावर, जोडाला सहा इंच ओव्हरलॅप. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावरच. रबरी वॉशर बसेल इतकाच आवळायचा, चेपला की फाटतो.

हार्डवेअरवाल्या काकांचे विशेष आभार. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताचा थर खातं, म्हणून त्यांनी ते विकलंच नाही (असे दुकानदार विरळाच!), पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट दिलं. खाच ब्रशने झाडून, कोरडी करूनच ते भरलं.

आणि शेजारच्या मुलांनो, नळीचं पाणी खालून वर, हात-हातभर सरकवत मारलंत, म्हणून पट्टीवरच्या उघड्या चिऱ्यातून झिरपणारं पाणीही सापडलं. तिथे आता वॉटरप्रूफ गिलावा होतोय.