मॅडम, ३८४ चं काय झालं ते सांगायचं राहिलं

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

प्रबंध काल जमा केला. ऋणनिर्देशात तुम्ही नाव घालू दिलं नाहीत. "मी तुझी गाइड नाही, मला त्यात ओढू नकोस," म्हणालात. म्हणून हे पत्र चारचौघांत, पण नाव न घेता लिहितेय. एवढं चालवून घ्या.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी चांगलीच तोऱ्यात होते. उच्च शिक्षण व्यवस्थापन हा विषय, कॉलेजच्या कार्यालयातला पंधरा वर्षांचा अनुभव आणि 'प्राचार्यांची नेतृत्वशैली व प्राध्यापकांचे कार्यसमाधान' असं भारदस्त शीर्षक. ४२ विधानांची प्रश्नावली तयार होती. नमुनाही, म्हणजे किती जणांना विचारायचं तेही, ठरलं होतं: क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या नमुनासंख्येच्या १९७० च्या तक्त्यातला शेवटचा आकडा, ३८४. १२ कॉलेजं, प्रत्येकी ३२ प्राध्यापक, हिशेब तंतोतंत. मला फक्त एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली बटणं दाबायची तेवढं हवं होतं.

तुम्ही बटणांकडे वळलातच नाहीत. पेन्सिल घेतलीत आणि सातव्या विधानापाशी थांबलात. 'प्राचार्य निर्णयापूर्वी प्राध्यापकांशी चर्चा करतात आणि निर्णय वेळेत अमलात आणतात.' त्यातल्या 'आणि'भोवती गोल केलात. "चर्चा होते, पण अंमलबजावणी रखडते, असं ज्याचं मत आहे त्यानं टिक कुठे करायची?" घरी जाऊन शोधलं, तर असे 'आणि' आणखी अकरा विधानांत निघाले.

मग ३८४ ची पाळी. "हा आकडा आला कुठून?" मी म्हटलं, तक्त्यातून. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलंत: ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. आलं ३८४.१६. "पण हे गणित कधी चालतं? प्रत्येक जण स्वतंत्रपणे, यादृच्छिक पद्धतीनं निवडलेला असेल तर. तुझे बत्तीस जण एकाच स्टाफरूममध्ये बसून एकाच माणसाबद्दल सांगणार." एका कॉलेजातल्या उत्तरांचं आपसातलं साम्य नुसतं ०.१ धरलं, तरी माझ्या ३८४ जणांचं वजन स्वतंत्रपणे निवडलेल्या ९४ जणांच्या आसपास उतरलं.

आणि वर विचारलंत, "प्राचार्य किती?"

बारा.

त्या रात्री तुमचा भयंकर राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. दोन वर्षांच्या कामावर एका प्रश्नात पाणी पडलं होतं. ज्यांच्यावर प्रबंध लिहायचा ते प्राचार्य माझ्या आकड्यांत फक्त बारा होते.

आराखडा बदलला, आठ महिने जास्त गेले. पाहणी लहान करून पार्श्वभूमीला ठेवली आणि भर मुलाखतींवर दिला. (पाहणीच्या पूर्वचाचणीत क्रॉनबॅक अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९३ आला म्हणून मी आनंदानं फोन केला, तर "एकच गोष्ट पाच वेळा विचारलीस की येणारच," म्हणून फोन ठेवलात!)

पहिल्या मुलाखतीचं शब्दांकन करायला मला सहा तास लागले. तुम्ही पाच मिनिटं चाळलंत आणि समासात लिहिलंत, 'प्राचार्य कुठे आहेत? सगळीकडे तूच बोलतेयस.' खरंच होतं ते. ते थांबले की वाक्य मीच पुरं करत होते. साहेबांना अडखळू द्यायचं नाही, ही कार्यालयातली सवय.

पुढच्या मुलाखतीत मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं ठरवलं. सातावर असताना समोरचे प्राचार्य हळूच म्हणाले, "तसं बघायला गेलं तर चर्चा आम्ही निर्णय झाल्यावरच करतो." माझं चौथं प्रकरण या वाक्यावर उभं आहे. जुन्या प्रश्नावलीतल्या सातव्या विधानाला त्यांच्याच प्राध्यापकांनी बहुधा 'सहमत'वर टिक केली असती. चर्चा होत होतीच ना.

सॉफ्टवेअर मी शेवटी कार्यालयातल्या एका मुलाकडून शिकले. दोन दुपारी पुरल्या.

तुमची दोन पुस्तकं अजून माझ्याकडेच आहेत. त्यातल्या एकावर चहा सांडलाय, नेमका नमुनानिवडीच्या प्रकरणावर. तोंडी परीक्षा झाली की घेऊन येते. तोवर रागवून घ्या.

तुमची,
बारा प्राचार्यवाली विद्यार्थिनी