शांत बसलेल्या जखमीकडे कोण बघणार?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या हायवेवर अपघात झाला की तुमच्या पेपरात एक वाक्य ठरलेलं असतं, "स्थानिकांनी तातडीने मदतकार्य केले". मी त्या स्थानिकांपैकीच एक. संगमेश्वरच्या अलीकडे मुंबई-गोवा हायवेला माझं पंक्चरचं दुकान आहे, त्यामुळे गाडी उलटली की आवाज पहिला आम्हालाच येतो. आणि आमचं ते मदतकार्य कसं असतं ते सांगायलाच हे पत्र.

चार वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी चाकरमान्यांची एक गाडी वळणावर आडवी झाली. धो धो पाऊस, अंधार पडत आलेला. एका माणसाचा पाय मोडून हाड दिसत होतं, तो जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि आम्ही सातआठ जण सगळेच्या सगळे त्याच्याकडे पळालो. दुसरा एक काका, साठीचा असेल, स्वतःच्या पायाने चालत बाहेर आला आणि मोरीच्या कठड्यावर बसला. काय झालं का विचारलं तर म्हणाला मला काय नाय, पोरांना बघा. नंतर दोनदा पाणी मागितलं, आम्ही बाटली दिली. तासाभराने बघतो तर आडवा झालेला, अंग थंडगार. हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही, पोटात रक्तस्राव झाला होता म्हणे. पाय मोडलेला आज चालतोय.

त्यानंतर मी दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग केलं आणि तेव्हा कळलं की त्या काकाने आम्हाला सगळं सांगितलं होतं, आम्हालाच ऐकू आलं नाही. सारखी तहान लागणं, चेहरा पांढरा पडणं, गार घाम, नाडी भरभर आणि बारीक, उगाच बेचैन होणं, ही सगळी आत रक्त वाहत असल्याची लक्षणं. आणि अशा माणसाला पाणी द्यायचंच नाही, कारण लगेच ऑपरेशन करावं लागू शकतं आणि बेशुद्ध पडून उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. आम्ही तर पुण्य केल्यासारखी बाटली दिली होती!

जखमी जास्त आणि हात कमी असले की कोणाला आधी बघायचं याची एक पद्धत आहे, स्टार्ट म्हणतात तिला, १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे हॉस्पिटल आणि फायर ब्रिगेडने मिळून काढलेली. एका माणसाला अर्धा मिनिट, बस, आणि प्रत्येकाला एक रंग द्यायचा: लाल म्हणजे सगळ्यात आधी, पिवळा त्यानंतर, हिरवा शेवटी. आधी मोठ्याने ओरडायचं, ज्याला चालता येतंय त्याने इकडे या, ते हिरवे. उरलेल्यांचा श्वास बघायचा. श्वास नसेल तर हनुवटी उचलून वाट मोकळी करायची, सुरू झाला तर तो लाल, तरीही नसेल तर काळा, म्हणजे पुढच्याकडे जायचं (हे लिहायला सोपं आहे, करताना हात थरथरतात). मिनिटाला तीसच्या वर श्वास चालू असेल तरी लाल. मग नख दाबून सोडायचं, दोन सेकंदात लाली परत आली नाही तर लाल. पावसात अंधारात नख काय दिसणार, तेव्हा मनगटावर नाडी लागते का बघायची. शेवटी "माझा हात दाब" म्हणायचं, दाबला नाही तर लाल, दाबला तर पिवळा. एकटाच जखमी असेल आणि श्वास बंद असेल तर मात्र सोडून जायचं नाही, छाती दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२०.

आता गंमत बघा, या हिशोबाने तो काका हिरवाच निघाला असता, चालत आला होता ना. म्हणून आमचे सर सारखं सांगायचे, हिरवा म्हणजे बरा नव्हे, दर पाचदहा मिनिटांनी परत बघायचं. एका माणसाला फक्त तेवढंच काम द्यायचं. आमच्याकडे नेमकं हेच कोणी करत नाही, सगळे रक्त दिसतं तिथे गर्दी करतात आणि निम्मे मोबाईल काढतात.

बाकीच्या चुका तर रोजच्याच. मागून येणारी गाडी न थांबवता रस्त्यात धावणं, मानेला मार असताना हातपाय धरून रिक्षात कोंबणं, हेल्मेट हिसकून काढणं, घुसलेली सळी उपसणं, जखमेवर हळद नाहीतर चहापावडर कोंबणं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरायचा, थांबलं का म्हणून उचलून बघायचं नाही, भिजला तर त्यावरच दुसरा ठेवायचा. १०८ ला फोन केल्यावर नुसतं "लवकर या" नको, कुठे, किती जण, बेशुद्ध किती हे सांगायचं.

पोलिसांच्या लफड्याची भीती अजून आहे लोकांना. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत १३४अ कलम आलं, मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही, पण आमच्या नाक्यावर हे दहातल्या एकालाही माहीत नसेल.

तर विनंती एवढीच की गणपतीच्या आठवड्यात तुमच्याकडे एसटीच्या जादा गाड्यांचं टाइमटेबल येतंच, त्याच्या शेजारी ही लाल-पिवळी-हिरवीची चौकट छापा, कापून चिकटवता येईल एवढी मोठी. मी माझ्या दुकानाच्या शटरवर लावतो, समोरच्या वडापाववाल्याला आणि रिक्षा स्टँडवरही देतो. आणि तालुक्यातल्या रिक्षावाल्यांना, पोलीस पाटलांना असं दोन दिवसांचं ट्रेनिंग कोणी देणार असेल तर जागा माझ्या दुकानामागे आहे, चटया आणि चहा माझ्याकडून.

आपला,
हायवेवरचा एक पंक्चरवाला, ता. संगमेश्वर