त्या रात्री ड्रमवर कोण होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लिश रॉक बँडवरचा लेख आवडीने वाचला. नागपूरच्या मराठी दैनिकाने या बँडला एवढी जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. मात्र त्यातले एक वाक्य दुरुस्त व्हायला हवे, म्हणून हे पत्र. ‘१२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवरील मार्की क्लबमध्ये मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स आणि चार्ली वॉट्स पहिल्यांदा एकत्र वाजवायला उभे राहिले,’ असे लेखात छापले आहे. तारीख बरोबर आहे, क्लबचे नावही बरोबर आहे. पत्ता चुकला आहे आणि ड्रमवादकही चुकला आहे.

पत्त्याचे लगेच सांगून टाकतो. मार्की क्लब वॉर्डर स्ट्रीटवर गेला तो मार्च १९६४मध्ये. १९६२ साली तो १६५, ऑक्सफर्ड स्ट्रीट इथे, एका सिनेमागृहाच्या तळघरात होता. वॉर्डर स्ट्रीटचा क्लब पुढे इतका गाजला की जुन्या जागेचे कार्यक्रमही लोक नव्या जागेच्या नावावर लिहितात.

ड्रमवादकाचा प्रश्न मात्र असा एका ओळीत सुटणारा नाही. चार्ली वॉट्स बँडमध्ये आला जानेवारी १९६३मध्ये. त्याआधी महिनाभर, डिसेंबरमध्ये बेसवादक बिल वायमन आला. म्हणजे ज्या पाच जणांचा फोटो डोळ्यांसमोर येतो, त्यातले दोघे त्या रात्री नव्हतेच. गाणारा जॅगर, गिटारवर कीथ आणि ब्रायन (ब्रायन तेव्हा ‘एल्मो लुईस’ हे टोपणनाव लावायचा), पियानोवर इयन स्टुअर्ट आणि बेसवर डिक टेलर. या पाच नावांबद्दल वाद नाही. वाद आहे तो मागे बसलेल्या सहाव्या माणसाचा.

तो गुरुवार होता. मार्कीत गुरुवार अ‍ॅलेक्सिस कॉर्नरच्या ‘ब्लूज इन्कॉर्पोरेटेड’ या बँडचा असे आणि जॅगर त्यांच्यासोबत अधूनमधून गायचा. त्या दिवसासाठी कॉर्नरला बीबीसी रेडिओच्या ‘जॅझ क्लब’ कार्यक्रमाचे बोलावणे आले. बीबीसी सहाच जणांचे मानधन देणार होती, त्यामुळे जॅगर बाहेर राहिला आणि मार्कीतली जागा मोकळी झाली. गायक लाँग जॉन बाल्ड्रीच्या मुख्य कार्यक्रमाच्या जोडीला या पोरांना संधी मिळाली. आदल्या दिवशी ‘जॅझ न्यूज’ या संगीतविषयक पत्राने छोटी बातमी दिली, तिच्यात वादकांची नावे आहेत आणि ड्रमपुढे नाव आहे मिक अ‍ॅव्हरी. हाच अ‍ॅव्हरी १९६४मध्ये ‘द किंक्स’ या बँडचा ड्रमर झाला आणि स्वतःच्या हिमतीवर नावारूपाला आला.

आता गंमत बघा. अनेक वर्षे इतिहास लिहिणारे टोनी चॅपमन या दुसऱ्याच ड्रमरचे नाव देत आले. पुढे वायमनला बँडपर्यंत आणणारा तो हाच. २०१०मध्ये कीथ रिचर्ड्सने आत्मचरित्रात ठासून लिहिले की ड्रमवर अ‍ॅव्हरीच होता, चॅपमनचे नाव कुठून आले कोण जाणे. आणि खुद्द अ‍ॅव्हरी काय म्हणतो? तो वारंवार सांगत आला आहे की लंडनमधल्या सोहो भागातल्या ‘ब्रिकलेअर्स आर्म्स’ या पबमध्ये आपण त्यांच्यासोबत सराव केला, पण मार्कीतल्या कार्यक्रमात वाजवले नाही.

मी महालेखाकार कार्यालयात नोकरी केली, सगळी लेखापरीक्षणात. मंजुरीचा आदेश फायलीत आहे म्हणून खर्च झाला असे आम्ही कधी धरले नाही. व्हाउचर मागायचो, पावती मागायचो. ‘जॅझ न्यूज’ची बातमी हा मंजुरीचा कागद आहे. उद्या कोण वाजवणार हे तो सांगतो, काल कोणी वाजवले हे सांगत नाही. कीथची आठवण तर अठ्ठेचाळीस वर्षांनंतरची, आणि ती त्या बातमीशी तंतोतंत जुळते. तिथेच मला शंका येते. ती बातमी एव्हाना इतक्या पुस्तकांत छापली गेली होती की कोणाचीही आठवण तिच्या साच्यात बसावी. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण मिळत नाही. इयन स्टुअर्टच्या डायरीतली गाण्यांची यादी तेवढी त्या काळची, म्हणून तिला मी मोल देतो; पण गाण्यांच्या यादीवरून ड्रमवर कोण होते ते ठरत नाही.

राहिली अ‍ॅव्हरीची साक्ष. ‘हो, मीच होतो’ एवढे म्हणाला असता तर जगातल्या सर्वात गाजलेल्या बँडच्या पहिल्या कार्यक्रमाचा मान त्याला आयता मिळत होता. छापील बातमी त्याच्या बाजूने, कीथ रिचर्ड्स त्याच्या बाजूने. तरी तो नाही म्हणतो. स्वतःच्या फायद्याविरुद्ध दिलेली साक्ष मी सर्वांत वर ठेवतो. गाणाऱ्याची पाठ वादकांकडे असते, आयोजकाचे लक्ष गेटवर असते. आपण त्या रात्री बसलो होतो की नाही, हे वाजवणाराच सांगू शकतो.

हे मी नुसत्या वाचनावरून लिहीत नाही. नोकरी सांभाळून मी नागपूरच्या ऑर्केस्ट्रात ड्रम आणि काँगो वाजवले आहेत. १९८१च्या गणेशोत्सवात नागपूरच्या महाल भागातल्या एका मंडळाचा कार्यक्रम होता. गुलाबी कागदावरची हँडबिले आठवडाभर आधीच छापून वाटलेली, वर ‘व्हॉइस ऑफ किशोर’, ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ मोठ्या टायपात, आणि अगदी खाली बारीक अक्षरात साथीदार. ड्रमपुढे माझ्या मित्राचे नाव होते. त्याला कावीळ झाली आणि ऐनवेळी मी बसलो. दुसऱ्याचा सेट, स्नेअरचा (समोरच्या मुख्य ड्रमचा) एक स्क्रू सैल, दर दोन गाण्यांनंतर हाताने आवळायचा. ती खडखड मला आजही ऐकू येते. पुढे मंडळाने स्मरणिका काढली तेव्हा ते हँडबिल जसेच्या तसे छापले आणि खाली ‘त्या अविस्मरणीय रात्रीचे कलावंत’ असा मथळा दिला. माझ्या मित्राचे कोणी त्या रात्रीबद्दल कौतुक केले की तो लगेच सांगतो, ‘अरे, मी तेव्हा मेयो हॉस्पिटलात भरती होतो.’ त्याच्या या सांगण्यापुढे छापील कागदाची काय किंमत?

आणि चार्ली वॉट्स माझा सर्वांत आवडता ड्रमवादक आहे, हेही सांगायला हवे. ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हा बँड आला तेव्हा मी नागपुरातून विदर्भ एक्स्प्रेसने गेलो होतो. सगळे जॅगरकडे बघत होते, मी मोठ्या पडद्यावर चार्लीचा उजवा हात दिसण्याची वाट बघत होतो. स्नेअरवर डावा ठोका पडतो त्या क्षणी तो हाय-हॅटवरची (स्टँडवरच्या झांजांच्या जोडीवरची) उजवी काठी किंचित उचलून घेतो. बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम मारतात. चार्ली एक ठोका सोडून देतो आणि त्या सोडलेल्या जागेमुळे स्नेअरचा आवाज मोकळा, भरघोस येतो. घरी कित्येक वर्षे प्रयत्न करून मला ते जमले नाही, कारण उजवा हात आपोआप खाली येतो. २४ ऑगस्ट २०२१ला तो गेला तेव्हा दिवसभर मला काही सुचले नव्हते. अशा माणसाला त्याने न वाजवलेली रात्र चिकटवण्याची गरज नाही. २०१२मध्ये बँडचे पन्नासावे वर्ष साजरे होत असताना खुद्द कीथ म्हणाला होता की आमच्या लेखी खरी पन्नाशी २०१३ची, कारण चार्ली जानेवारी १९६३मध्ये आला. चार्लीचा मान यात पुरेपूर आला.

‘पहिला’ कोण आणि काय, यावरून या बँडमध्ये आजही ठिणग्या उडतात. लंडनजवळच्या डार्टफर्ड रेल्वे स्टेशनवर जॅगर आणि कीथ १७ ऑक्टोबर १९६१ला भेटले, म्हणून तिथे फलक लावला. त्यावर दोघांनी पुढे बँड स्थापन केल्याचे लिहिले. बिल वायमनने २०१५मध्ये आक्षेप घेतला की बँड उभा केला तो ब्रायन जोन्सने. माझ्या मते वायमनचे बरोबर आहे. बँडचे नावसुद्धा ब्रायननेच अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या रेकॉर्डवरून दिले, असे कीथही सांगतो. ब्रायन १९६९मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. आपली बाजू मांडायला तो उरला नाही. इयन स्टुअर्ट तर पहिल्या रात्री पियानोवर होता, तरी पुढे व्यवस्थापकाने त्याला अधिकृत बँडमधून वगळले आणि तो शेवटपर्यंत त्यांचे सामान लावत, पियानो वाजवत राहिला. आपल्या लेखात त्याचे नावच नाही, याचे मला चार्लीच्या चुकीपेक्षा जास्त वाईट वाटले.

तेव्हा विनंती अशी. दुरुस्ती छापताना चार्लीचे नाव काढून त्या जागी दुसरे एखादे नाव ठामपणे घालू नये. ‘ड्रमवर कोण होते याबद्दल एकमत नाही; बातमीत मिक अ‍ॅव्हरीचे नाव आहे, पण त्याने स्वतः इन्कार केला आहे; टोनी चॅपमनचेही नाव घेतले जाते’ एवढे छापावे, आणि इयन स्टुअर्ट व डिक टेलर यांची नावे घालावीत. चार ओळींची जागा लागेल.

आणखी एक. धनवटे रंगमंदिरात, मंडळांच्या मांडवांत, कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत वाजवलेल्या आपल्या शहरातल्या वादकांपैकी बरेच जण अजून आहेत. पुरवणीने एखादा कोपरा दिला तर जुनी हँडबिले आणि फोटो लोक आणून देतील. माझ्याकडचे गुलाबी हँडबिल मी पहिले देईन, मात्र मित्राची लेखी टीप सोबत छापायची या अटीवर. टीप तयार आहे, त्याने सही करून दिली आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
प्रतापनगर, नागपूर