वाचनालयात धावून आलेल्या सरांना

आदरणीय सर,

आषाढात डिचोलीला वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि आमच्या वाचनालयातल्या जुन्या मराठी मासिकांचं स्कॅनिंग नेमकं तेव्हाच चालू होतं. वीज आली तेव्हा कित्येक फायलींची नावं डिस्कवर होती, आत मात्र शून्य बाइट. मासिकं इतकी जीर्ण, की तेच अंक पुन्हा स्कॅनरवर उघडायचा धीर होईना. फोन केला आणि तुम्ही भर पावसात फोंड्याहून आलात.

'सेव्ह झालं' म्हणजे लिनक्समध्ये डेटा कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात पोचला, एवढंच. ही 'डर्टी', म्हणजे डिस्कवर अजून न लिहिलेली पेजं रॅममध्येच थांबतात. मूळ सेटिंगनुसार फ्लशर थ्रेड दर 5 सेकंदांनी जागा होतो आणि 30 सेकंदांहून जुनी पेजं डिस्कवर लिहायला घेतो. त्याआधी वीज गेली की संपलं. 'मेमइन्फो' या रॅमचा हिशेब दाखवणाऱ्या फायलीतला 'डर्टी'चा आकडा चढताना तुम्ही दाखवलात, तेव्हा हे आम्हाला खरं कळलं.

'ड्रॉप कॅशेस' (कॅश रिकामी करायची आज्ञा) चालवा, असा सल्ला आम्हाला बऱ्याच जणांनी दिला होता. त्याने फक्त डिस्कशी जुळलेली, स्वच्छ पेजं रॅममधून जातात. डर्टी पेजांना तो हातही लावत नाही, हे तुम्ही किती शांतपणे समजावलंत! आम्हाला हवं होतं ते 'एफसिंक': त्या फायलीची पेजं डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं. स्कॅन करणाऱ्या मुलीला शेजारी बसवून तुम्ही स्क्रिप्टची ओळ न ओळ तिच्याकडूनच बदलून घेतलीत. आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, मग एफसिंक, मग नाव बदलायचं, शेवटी फोल्डरचंही एफसिंक.

सर्वांत मोलाचं वाटलं ते तुम्ही निघताना सांगितलेलं. एफसिंकने चूक कळवली तर तेच पुन्हा चालवून भागत नाही. लिहिता न आलेली पेजं कर्नल स्वच्छ धरू शकतो आणि दुसऱ्या खेपेला 'यशस्वी' असं उत्तर येतं. 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांना हेच उमगलं. आता तो डेटाबेस अशा वेळी सरळ बंद पडतो आणि बदलांच्या नोंदींवरून (लॉगवरून) पुन्हा उभा राहतो. आमची स्क्रिप्टही आता तिथेच थांबते, आणि मूळ पान अजून स्कॅनरवर असतानाच आम्हाला कळतं.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत. निदान चवथीला सहकुटुंब या. नेवऱ्या करणार आहोत, आणि त्या मुलीने मागाहून लिहिलेली पडताळणीची स्क्रिप्ट तिला तुम्हालाच दाखवायची आहे.

आपली कृतज्ञ,
वाचनालयाची ग्रंथपाल