आधी हिशेब, मग बाण: मॅडमना आभाराचे पत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुमच्या ऑर्बिटलच्या (रेणूत इलेक्ट्रॉन जिथे असू शकतात त्या भागांच्या) टिपणांबद्दल आणि त्याहूनही जास्त, ती वापरायची शिस्त लावल्याबद्दल मनापासून आभार. सेंद्रिय रसायन शिकवणाऱ्यांना वक्र बाण काढायची सवय असते. इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले हे बाण दाखवतो, तिथेच का गेले हे सांगत नाही. तुम्ही तीन प्रश्न दिलेत, तेही ठरलेल्या क्रमाने. फेज, म्हणजे ऑर्बिटलच्या तरंगाची धन-ऋण चिन्हे, जुळतात का? दोन ऑर्बिटलच्या ऊर्जेत फरक किती? ज्या अणूंमध्ये बंध व्हायचा, तिथे सहगुणक, म्हणजे त्या अणूंचे ऑर्बिटलमधले वाटे, केवढे? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर पुढच्या दोघांना हात लावायचा नाही.

नॅप्थालीनचे (दोन जोडलेल्या बेन्झिन कड्यांच्या रेणूचे) पान तर आम्ही जसेच्या तसे वर्गात वापरतो. ह्यूकेल पद्धतीने (ऑर्बिटलच्या एका सोप्या हिशेबाने) पाहिले तर त्याच्या प्रत्येक कार्बनवर पाय इलेक्ट्रॉनची (दुहेरी बंधांतल्या इलेक्ट्रॉनची) घनता अगदी 1.000 येते. म्हणजे भाराकडे बघून 1 (कड्यांच्या जोडाशेजारची) आणि 2 (त्यापुढची) या जागांत फरक करताच येत नाही, आणि नायट्रेशन (नायट्रो गट जोडणे) मात्र मुख्यतः 1 वर होते. होमोचा (इलेक्ट्रॉन असलेल्या सर्वांत वरच्या ऑर्बिटलचा) सहगुणक 1 वर 0.425 आणि 2 वर 0.263. वर्ग करून दुप्पट केली की 0.36 आणि 0.14. अशा चार-चार जागा, त्यामुळे सगळ्यांची बेरीज दोन इलेक्ट्रॉन. ही बेरीज करून बघायला लावणे फार मोलाचे, कारण सहगुणक लिहिताना झालेली चूक तिथेच पकडली जाते. केनिची फुकुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता, की होमोची घनता जास्त तिथे हल्ला होतो.

त्याच पानावर तुम्ही सल्फोनेशनही (सल्फोनिक आम्लाचा गट जोडणे) ठेवलेत, हे आम्हाला विशेष आवडले. 80 अंश सेल्सिअसच्या आसपास 1-सल्फोनिक आम्ल, 160 च्या आसपास 2-सल्फोनिक आम्ल. ही अभिक्रिया उलटते, आणि 1 वरच्या गटाला 8 वरचा हायड्रोजन अडतो. होमो सांगतो ते कुठे लवकर घडेल एवढेच. शेवटी काय टिकेल हे तो सांगत नाही. हा भेद समजला नाही, तर विद्यार्थी सिद्धांतच चुकीचा ठरवून मोकळे होतात.

एसएन-2 मध्ये (एकाच पायरीत जुना गट जाऊन नवा येतो त्या अभिक्रियेत) पाठीमागूनच हल्ला का, याचे उत्तर तुम्ही एका आकृतीत दिलेत. कार्बन–हॅलोजनच्या सिग्मा-स्टारचा (बंध सैल करणाऱ्या रिकाम्या ऑर्बिटलचा) मोठा लोब (फुगीर भाग) कार्बनच्या मागे असतो. पुढून येणाऱ्या इलेक्ट्रॉन-जोडीचा कार्बनशी फेज जुळला तर हॅलोजनशी उलटा पडतो, आणि मिळालेले बरेचसे तिथेच फिटते. कार्बोनिलवरचा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधावरचा) हल्ल्याचा सुमारे 107 अंशांचा कोनही याच नजरेने उलगडतो: पाय-स्टारमध्ये (त्या दुहेरी बंधाच्या तशाच रिकाम्या ऑर्बिटलमध्ये) कार्बन आणि ऑक्सिजनचे फेज विरुद्ध असतात, म्हणून ऑक्सिजनपासून दूर झुकून येणे फायद्याचे.

कार्बन मोनॉक्साइडला तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात, आणि तो सार्थकी लागला. ऑक्सिजन जास्त विद्युतऋण (इलेक्ट्रॉन ओढणारा) असूनही धातूला कार्बनचे टोक जोडले जाते, कारण होमोचा मोठा भाग कार्बनवर आहे. मग धातू आपले डी इलेक्ट्रॉन (डी ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन) पाय-स्टारमध्ये परत देतो आणि कार्बन–ऑक्सिजन बंध सैल होतो. हे नुसते सांगितले तर पोपटपंची. तुम्ही आकडे समोर ठेवलेत: मुक्त रेणूची ताण-कंपनाची तरंगसंख्या 2143 प्रति सेंटिमीटर, सहा कार्बोनिल (कार्बन मोनॉक्साइड) जोडलेल्या मँगनीजच्या धन आयनात सुमारे 2090, क्रोमियमच्या उदासीन रेणूत 2000, व्हॅनेडियमच्या ऋण आयनात 1860. तिन्हींत डी इलेक्ट्रॉन सहाच. धातूवरचा धनभार उतरत गेला की डी पातळ्या वर येतात, पाय-स्टारशी असलेला फरक घटतो आणि परतीचे दान वाढते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे थेट इन्फ्रारेडच्या कागदावर वाचता येते.

संगणकावर ऑर्बिटल काढणाऱ्यांसाठी तुम्ही दिलेल्या सूचना आम्ही प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावल्या आहेत. तुलना करायच्या सर्व चित्रांना आयसोव्हॅल्यू (ऑर्बिटलची सीमा ज्या मूल्यावर काढतात ते) एकच ठेवा; एक 0.02 वर आणि दुसरे 0.05 वर काढले तर लोबच्या आकारावरून काहीही सिद्ध करता येते. एका ऑर्बिटलमधले सगळे रंग एकदम उलटले तर काही बिघडत नाही, सापेक्ष चिन्ह तेवढे महत्त्वाचे. बेन्झिनसारख्या रेणूत होमो दोन असतात, एकच घेऊन निष्कर्ष काढू नका. डिफ्यूज फलने (हिशेबातली दूरवर पसरणारी गणिती फलने) घातल्यावर लुमो (सर्वांत खालचे रिकामे ऑर्बिटल) रेणूबाहेर पसरलेला दिसला, तर त्यावरून अभिक्रियेची जागा ठरवू नका. आणि फंक्शनल (संगणकाच्या हिशेबातले सूत्र) बदलले की होमो-लुमो अंतर बदलते, म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशेजारी ठेवू नका. ही शेवटची सूचना सर्वांत जास्त मोडली जाते.

लहान, भारित आयन समोर आले की भाराचे आकर्षणच वरचढ ठरू शकते आणि होमो-लुमोवर भिस्त ठेवता येत नाही, हेही तुम्ही पहिल्याच पानावर लिहिलेत. आपल्याच विषयाची हद्द इतक्या स्पष्टपणे आखून देणारे शिक्षक विरळा.

एक विनंती आहे. डील्स–आल्डरच्या (दोन रेणू जोडून कडे बनवणाऱ्या अभिक्रियेच्या) पानावर ल्युइस आम्लाने (इलेक्ट्रॉन-जोडी घेणाऱ्या पदार्थाने) लुमो खाली येतो एवढेच आहे. त्याने सहगुणकही बदलतात आणि म्हणून जागेची निवड अधिक पक्की होते, हा भाग सवडीने जोडाल का? विद्यार्थी नेमके तिथेच अडतात.

आपले कृतज्ञ,
सेंद्रिय रसायन शिकवणारे आम्ही सर्व